स्वादुपिंडाची न्यूरोएंडोक्राइन गाठ : पसरल्यानंतरचे उपचार

स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटला की रुग्णाचे आप्त हातपाय गाळतात. परंतु संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींपासून उद्भवणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ निराळी असते व बहुधा संथपणे वाढते. स्टीव्ह जॉब्ज यांना हीच गाठ झाली होती. तिचे निदान २००३ मध्ये, यकृत प्रत्यारोपण २००९ मध्ये आणि निधन २०११ मध्ये झाले.

ही गाठ पसरते ती प्रामुख्याने यकृतात. तेथील गाठी शक्य असल्यास शस्त्रक्रियेने काढतात अथवा त्यांचा रक्तपुरवठा तोडतात. वाढ मंद असल्यास ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे इंजेक्शन साधारणतः दर चार आठवड्यांनी देतात. त्याने वाढ रोखली जाते. गाठ मात्र क्वचितच आकसते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. एव्हरोलिमस व सुनिटिनिब या गोळ्यांना अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. गाठ आकसावी अशी निकड असल्यास कॅपेसिटाबिन-टेमोझोलोमाइड ही केमोथेरपी निवडतात.

पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक आढळल्यास ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून थेट गाठीपर्यंत पोहोचविता येते. ते ट्रॉम्बे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीतही तयार होते. यांपैकी कोणता उपचार आधी, हे बायोप्सीच्या अहवालातील श्रेणी व ‘केआय-६७’ निर्देशांकावर बऱ्याच अंशी ठरते.