अकरा पैशांची चांदी

स्पेनमधल्या जुन्या चांदीच्या यादीत 'प्लाता दे ओन्से दिनेरोस' असे शब्द आले की कोश उघडून फारसा फायदा होत नाही. ओन्से म्हणजे अकरा, दिनेरो म्हणजे पैसा. शब्दाला शब्द ठेवला की 'अकरा पैशांची चांदी' तयार! पण इथला दिनेरो नाणे नव्हे आणि किंमतही नव्हे, ते कसाचे माप आहे. निखळ चांदी १२ दिनेरोंची, दर दिनेरोत २४ ग्रानो म्हणजे दाणे, एकूण २८८ दाणे.

कास्तीयात पूर्वी ११ दिनेरो ४ ग्रानो असा कस बांधून दिलेला होता. २८८ पैकी २६८, हजारी सुमारे ९३१. घडवणाऱ्या कारागिराने आपली ठरावीक खूण ठेवावी आणि ती नगराच्या लेखनिकाकडे नोंदवावी, हे राजा दुसरा हुआन याच्या १४३५ च्या माद्रिदच्या हुकुमात आले. १७३० मध्ये पाचव्या फेलिपेने वरचे ४ ग्रानो सोडून दिले. कस हजारी सुमारे ९१७ वर उतरला. तेव्हा यादीत नुसते 'अकरा' असेल, तर ती वस्तू १७३० नंतरची असावी असा कयास बांधता येतो. कयासच; लिहिणाऱ्याने वरचे दाणे आळसाने गाळलेलेही असू शकतात.

अशा याद्यांत 'लेइ' हा शब्दही असाच दुहेरी, कायदा आणि कसही. 'फिएल कोन्त्रास्ते' तर आणखी फसवा, कोशातून तो 'विश्वासू विरोध' होऊन बाहेर पडतो. खरे तर हा चांदी पारखून छाप मारणारा अधिकारी. 'परीक्षक' म्हटले तर शाळेचा वास येतो. मला आपला पोतदार जवळचा वाटतो. तो नाणी पारखायचा, हा भांडी. एवढा फरक मात्र सांगून टाकावा.

अठराव्या शतकातले माद्रिदचे ताट पालथे घातले तर एका ठशात झाडाला टेकून उभे अस्वल दिसते, दुसऱ्यात किल्ला, आणि खाली वर्षाचे शेवटचे दोन अंक. अस्वलाचा ठसा 'व्हिया'चा, किल्ल्याचा 'कोर्ते'चा. व्हिया म्हणजे इथे बागेतला बंगला नव्हे, नगर. आणि कोर्ते म्हणजे काप नव्हे, राजदरबार. एकाच शहरात दोन अधिकार, म्हणून दोन ठसे. तिसरा, बहुधा आडनावाचा, कारागिराचा.

ठशांच्या आसपास एक नागमोडी चीर असते, 'बुरिलादा'. पारखणाऱ्याने कोरणीने चांदीचा बारीक कीस काढला, तो शिशाबरोबर मुशीत आटवून कस पाहिला. त्याचीच ही खूण. वस्तूच्या वर्णनात ती 'ओरखडा' म्हणून दोषांच्या रकान्यात गेली की परीक्षा झाल्याचा पुरावाच गेला. मी तिथे 'कस पाहण्यासाठी काढलेली चीर' असे लांबलचक लिहितो, आणि दोषांचा रकाना रिकामा ठेवतो.