मूत्रवाहिनीतील नळीची कथा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. जयेंद्रगंज ही ह्या लष्करातलीच वस्ती. येथील उन्हाळा कडक. पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर चढतो. घामावाटे पाणी निघून जाते, मूत्र दाट होते आणि त्यातील क्षारांचा मुतखडा धरण्यास अनुकूलता येते. रुग्णसेवेची परंपरा मात्र ह्या शहरात जुनी आहे. जयाजीराव शिंदे यांच्या नावाचे जयारोग्य रुग्णालय येथे आहे. १९४६ साली जिवाजीरावांच्या मातोश्रींच्या नावाने गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

आज मुतखड्यासाठी रुग्णालयात जाणाऱ्या अनेकांच्या मूत्रवाहिनीत ‘स्टेंट’ नावाची नळी काही काळ ठेवावी लागते. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारा मार्ग खड्याने वा सुजेने बंद झाला, तर मूत्र तुंबून मूत्रपिंडाचाच नाश होण्याची भीती असते. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ही नळी तो मार्ग मोकळा ठेवते.

तिचे नाव मोठ्या गमतीने पडले. चार्ल्स स्टेंट हा लंडनचा दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने १८५६ मध्ये एक लगदा सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात एस्सर ह्या डच शल्यविशारदाने तो लगदा जखमेवर लावलेल्या त्वचेला आधार म्हणून वापरला. पुढे शरीरातील कोणत्याही आधाराला स्टेंटचेच नाव मिळाले. मूत्रवाहिनीशी त्या दंतवैद्याचा काडीचाही संबंध नव्हता.

मूत्रवाहिनीचे तोंड डोळ्यांना दिसणे ही पहिली अडचण होती. नित्झे ह्या जर्मन वैद्याने १८७७ च्या सुमारास मूत्राशयदर्शक दुर्बीण तयार केली. पॅरिस येथे काम करणाऱ्या अल्बारान ह्यांनी १८९७ मध्ये तिला एक लहानशी तरफ जोडली, आणि नळी त्या तोंडात वळवून घालता येऊ लागली. परंतु घातलेली नळी तेथे टिकावी कशी? १९६७ मध्ये झिमस्किंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोनच्या नळ्या दुर्बिणीतून बसविल्या, त्या घसरत. १९७६ मध्ये गिबन्स ह्यांनी नळीला काटे ठेवले. अखेर १९७८ मध्ये फिनी ह्यांनी दोन्ही टोकांना आकड्यासारखा बाक दिला. तारेवर ओवली की नळी सरळ होते. तार काढली की एक आकडा मूत्रपिंडात व दुसरा मूत्राशयात वळून बसतो. ही ‘डबल-जे’ नळी आजही जगभर वापरात आहे.

नळी निसटण्याची भीती अशी बरीचशी दूर झाली. परंतु तिच्या जागी दुसरी आली. जी नळी आपोआप पडत नाही, ती विसरली जाऊ शकते. आणि मूत्रात बुडालेल्या परक्या वस्तूवर क्षार चढतातच. मुतखड्याच्या रुग्णांच्या नळ्या तपासून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी ९.२ टक्के नळ्यांवर थर आढळला. सहा ते बारा आठवड्यांत हे प्रमाण ४७.५ टक्के झाले, आणि त्यानंतर ७६.३ टक्के! खड्यावर उपाय म्हणून घातलेली नळीच अशा वेळी नव्या खड्याचा गाभा बनते.

नळीचे साधे त्रास, म्हणजे वारंवार लघवीला लागणे, जळजळ, लघवी करताना कुशीत कळ येणे, किंचित रक्त जाणे, हे औषधाने पुष्कळ कमी होतात आणि नळी काढल्यावर थांबतात. थंडी वाजून ताप आला तर मात्र तो जंतुदोष समजून त्वरित रुग्णालय गाठावे. वर सरकलेली नळी मूत्रवाहिनीच्या दुर्बिणीने खाली आणता येते. क्षार चढून घट्ट बसलेली नळी जोराने ओढणे हे तर मोठेच संकट. त्यात मूत्रवाहिनी फाटते. म्हणून प्रथम क्ष-किरणांनी थर कोठे व किती आहे ते पाहतात. मूत्राशयातील टोकावरचा थर दुर्बिणीने फोडतात. मूत्रपिंडातील टोकासाठी १९८० मध्ये म्युनिक येथे प्रथम वापरलेले आघात-तरंग, किंवा पाठीतून घातलेली दुर्बीण उपयोगी पडते. नळी मोकळी झाली की मगच ती हलक्या हाताने काढतात. जे काम वेळेवर काही मिनिटांत झाले असते, त्यासाठी मग दोन-तीन शस्त्रक्रियाही कराव्या लागतात.

मूत्राशयातील अश्मरी काढताना तिचे चूर्ण होऊ देऊ नये, कारण किंचित चूर्ण जरी मागे राहिले तरी ते पुन्हा वाढते, असे सुश्रुताने बजावून ठेवले आहे. साधने बदलली, पण ही सावधगिरी जुनी झालेली नाही. नळी घातल्याची नोंद रुग्णालयाच्या वहीत असावी, आणि ती काढण्याची तारीख रुग्णाने स्वतः विचारून घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. वेदना थांबल्या म्हणून काम संपले असे नाही. नळी बाहेर आली म्हणजेच उपचार पुरा झाला.