अराकूची कॉफी : लाल फळ तोडण्यापासून बी वाळवण्यापर्यंत

आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात पूर्व घाटाच्या डोंगरांवर आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. समुद्रसपाटीपासून साधारण 900 ते 1100 मीटर उंचीवरच्या या अरेबिका कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. त्याआधी 2017 मध्येच तिचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं होतं. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यातही कॉफीची झाडं आहेत. पण जमीन थोडी असूनही अराकूच्या मालाला नाव कसं मिळालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

सावली महत्त्वाची

या डोंगरांत पूर्वी जंगल तोडून, जाळून फिरती शेती व्हायची. कॉफीचं तसं नाही. अरेबिकाला सावली लागते, म्हणून झाडं राखावीच लागतात. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर मिरीचा वेल, म्हणजे एकाच जागेत दोन उत्पन्नं. पालापाचोळ्याचं खत होतं, माती वाहून जात नाही. ऊन जास्त लागलं तर पांढरा खोडकिडा बळावतो. किडलेलं झाड उपटून जाळणं हाच उपाय उरतो. नवीन रोपाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे हे नुकसान मोठं असतं.

भाव तोडणीतच ठरतो

उन्हाळ्याच्या तोंडी पाऊस पडला की झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. आठ-नऊ महिन्यांनी फळं पिकतात, पण सगळी एकदम नाही. पैशांची नड असली की अख्खी फांदी ओरबाडून हिरवी-लाल फळं एकत्र विकावीशी वाटतात. तिथेच घाटा होतो. कच्च्या फळाने कॉफी तुरट लागते आणि पूर्ण माल हलक्या भावात जातो. चांगल्या मालासाठी एकाच झाडावर तीन-चार वेळा हात फिरवून फक्त लाल फळं तोडावी लागतात. मजुरी वाढते, पण खास कॉफीचा दर त्याशिवाय मिळत नाही.

तोडल्यानंतर काय करतात?

- फळं पाण्यात टाकतात. वर तरंगतात ती पोकळ, ती बाजूला काढतात.
- त्याच दिवशी यंत्राने साल काढतात. उशीर झाला की फळं आंबून वास धरतात.
- बियांवरचा चिकट थर सुटावा म्हणून त्या टाकीत ठेवतात. हवामानानुसार बारा तासांपासून दीड दिवस लागतो. मग स्वच्छ धुतात.
- जमिनीवर नाही, तर उंच जाळीवर पातळ थरात वाळवतात. सतत हलवतात, रात्री झाकतात. ओलावा 10-11 टक्क्यांवर आला की माल तयार. जास्त राहिला तर बुरशी येते.

साधारण सहा किलो फळांपासून एक किलो बी मिळतं. सालीचं कंपोस्ट करतात. धुण्याचं पाणी मात्र ओढ्यात सोडायचं नसतं, खड्ड्यात मुरवावं लागतं.

गुण कसे देतात?

शेवटी तज्ज्ञ कॉफी चाखून गुण देतात. शंभरपैकी 80 किंवा जास्त गुण मिळाले तरच ती ‘स्पेशालिटी’ कॉफी. एकट्या छोट्या शेतकऱ्याला टाकी, यंत्र, जाळ्या परवडत नाहीत. म्हणून अराकूत अनेक गावांची फळं एकत्र आणून सामाईक केंद्रावर प्रक्रिया होते. मात्र एकाच्या टोपलीतली हिरवी फळंही सगळ्यांचा माल बिघडवू शकतात. त्यामुळे केंद्राच्या दारातच टोपली निवडली जाते.