दिवा, भिंग आणि मधले अंतर

मॅजिक लँटर्नचा, म्हणजे काचेवरची चित्रे भिंतीवर पाडणाऱ्या जादूच्या कंदिलाचा, इतिहास सांगताना काचेवरच्या रंगीत चित्रांचे कौतुक होते, फार तर दिव्याचे. माझ्या मते हे यंत्र घडले ते दिवा, काच आणि भिंग यांची जागा नेमकी सापडल्यामुळे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगन्स यांनी १६५९मध्ये या कंदिलासाठी हलत्या सापळ्याची रेखाटने केली होती, पण त्यांचे १६९४चे छोटे रेखाचित्र मला अधिक मोलाचे वाटते. त्यात एका ओळीत अंतर्वक्र आरसा, दिवा, भिंग, पारदर्शक चित्र, दुसरे भिंग आणि शेवटी भिंत आहे. पहिले भिंग फाकणारा उजेड गोळा करून चित्रातून पुढच्या भिंगात घालते. दुसरे भिंतीवर चित्र उमटवते. आज घरी खोक्यातून प्रोजेक्टर करणाऱ्यालाही हाच क्रम पाळावा लागतो. दिवा जरा बाजूला सरकला, की पडद्याच्या कडेला काळपट कोर दिसू लागते.

क्रम चुकला तर काय होते, हे जेझुइट विद्वान अथानासियुस किर्शर यांच्या प्रकाशावरील ग्रंथाच्या १६७१च्या आवृत्तीत दिसते. तिथल्या चित्रात काचपट्टी भिंगाच्या पुढे, भिंतीच्या बाजूला आहे. तसा कंदील केला तर भिंतीवर रंगांचे धूसर डाग पडतील. ही चूक किर्शर यांची नसून खोदकाम करणाऱ्याची, असा बचाव करतात. असेलही. पण चूक कोणाचीही असो, जागा किती निर्णायक असते हे त्यावरून कळतेच.

खरी क्रांती प्रखर दिव्याने केली, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. १८२०च्या दशकात चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून लखलखीत उजेड मिळू लागला आणि पुढे त्याच्या जोरावर मोठमोठी सभागृहे उजळली. तरी तो उजेड कामी आला, कारण तो एका लहानशा ठिपक्यातून निघत होता. रॉकेलच्या रुंद वातीची ज्योत कितीही वाढवली तरी तिचा बराचसा उजेड भिंगाबाहेर सांडतो. ठिपक्याएवढा दिवा भिंगांच्या अक्षावर नेमका बसवता येतो. म्हणजे प्रखरतेचा लाभही अखेर जागेवरच अवलंबून राहिला.

कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा कंदिलाचा खेळ याच सूत्रावर उभा केला. मायावी शंबरासुराची आठवण देणारे हे नाव चपखल आहे. हाताने रंगवलेल्या काचा आणि एकाहून अधिक कंदील वापरून ते रामायण-महाभारतातले प्रसंग दाखवत, आणि चित्रे चटाचट बदलली की पात्रे हलल्याचा भास होई. यात चित्रकाराच्या हाताचा वाटा मोठाच होता. तो मी कमी लेखत नाही. पण दोन कंदिलांची चित्रे पडद्यावर एकाच जागी पडली नाहीत, तर पात्र हलल्याऐवजी शेजारी दुसरेच उभे राहिल्यासारखे दिसेल. कुंचला कितीही कसलेला असला तरी ही चूक त्याला झाकता येत नाही.

७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हा कंदिलाचे युग सरले असे मानतात. त्यांच्या सिनेमॅटोग्राफला मात्र स्वतःचा दिवा नव्हता; मागे कंदिलाचीच दिव्याची पेटी ठेवावी लागे. उजेड गोळा करायला ते पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू वापरत. पाणी उष्णता शोषून घेई. चंबू फुटलाच तर झोत एकवटत नसे, आणि फिल्म जळण्याचा धोकाही टळे.