आपल्यातलाच पहारेकरी

घोडनदीकाठचे शिरूर आणि रेल्वेचे जंक्शन असलेले दौंड येथून गोवा दूर आहे. तरीही आम्हा पुणे जिल्ह्यातील ख्रिस्ती माणसांनी गोव्याचा तो काळ परका मानू नये. गोवा विमोचन सहायक समिती 1954 साली पुण्यातच उभी राहिली. 18 मे 1955 रोजी नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांनी सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत नेली.

पोर्तुगालमध्ये 28 मे 1926 रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्या राजवटीतून सालाझार वर आला व 1932 साली पंतप्रधान झाला. त्याच्या गुप्त पोलीस दलास 1945 पासून ‘पिडे’ हे नाव मिळाले. वृत्तपत्रांची छपाईपूर्व तपासणी, सभांना बंदी आणि राजकीय खटले लष्करी न्यायालयापुढे, हीच रीत गोव्यातही होती. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 साली आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी 1954 साली एका मेजवानीत निषेधाचा शब्द उच्चारला. तेवढ्यावरून त्यांना अटक झाली. गोरे यांना दहा व मधू लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा झाली; 1957 साली ते सुटले.

सत्याग्रहींच्या मनात ज्याच्या नावाची दहशत बसली, तो पोलीस अधिकारी कासिमिरो मोंतेरो मात्र लिस्बनचा नव्हे, गोव्याचाच होता. पुढे तो ‘पिडे’चा हस्तक झाला. 13 फेब्रुवारी 1965 रोजी सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो व त्यांच्या सचिव यांची स्पेनच्या हद्दीत हत्या झाली. त्या गुन्ह्यात पोर्तुगीज न्यायालयाने 1981 साली मोंतेरोला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरविले.

येथेच आमच्यासमोर प्रश्न उभा राहतो. सालाझार गोव्याला ख्रिस्ती धर्माचा बुरूज म्हणवीत असे. परंतु कुन्हा ख्रिस्ती घरातलेच होते. 1970 पर्यंत तुरुंगात राहिलेले तेलो मास्कारेन्हस हेही ख्रिस्तीच. जुलै 1955 मध्ये पोप बारावे पायस यांच्या भेटीनंतर, गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे त्यांना मान्य असल्याचे पंडित नेहरूंनी सांगितले. मग धर्माचे नाव कोण कोणासाठी वापरीत होते?

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला; 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालमधील हुकूमशाहीही कोसळली. बंदुका गेल्या. पण हुकूमशाहीचे बळ केवळ बंदुकीत नसते. ओसरीवर बोलताना आवाज हळू करावा लागतो, शेजाऱ्याच्या कानाची भीती वाटू लागते, तेथे तिचा पाया पक्का होतो. कुन्हा आणि मोंतेरो एकाच भूमीचे पुत्र. एकाने बोलण्याची किंमत मोजली, दुसऱ्याने मौनाचा पहारा केला. आमच्या मुलांना हा इतिहास सांगताना आपण दोन्ही नावे सांगावीत. पहिलेच सांगितले, तर तो अभिमान होईल. दोन्ही सांगितली, तर आत्मपरीक्षण.