धावऱ्याची चिकित्सा आणि तुलनेचा दंडक

नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. नदीपलीकडे विदर्भ लागतो. कापूस आणि ज्वारी पिकविणाऱ्या या काळ्या जमिनीच्या मुलखात अनवाणी पायात काटा मोडणे, टाचेला भेग पडणे, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होणे या नित्याच्याच गोष्टी होत. त्वचेच्या अशाच एखाद्या फटीतून जंतू आत शिरतात, पाय लाल होऊन सुजतो, हुडहुडी भरून ताप येतो आणि लाली पाहता पाहता वर चढू लागते. या धावत्या लालीवरूनच मराठीने या रोगास ‘धावरे’ म्हटले. आधुनिक वैद्यकात वरच्या थरातील, स्पष्ट कडा असलेल्या दाहास ‘एरिसिपेलस’ आणि खोलवर पसरणाऱ्या दाहास ‘सेल्युलायटिस’ अशी निराळी नावे असली, तरी रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची संकटे होत. या व अशा तीव्र संसर्गांवरील उपचार पारखण्याची रीत कशी घडत गेली आणि हदगावसारख्या तालुक्यास तिच्यात कोणते स्थान मिळाले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

रोगाची ओळख प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसावा अध्याय विसर्पास वाहिलेला असून सर्वत्र पसरणारा म्हणून तो विसर्प, अशी त्या नावाची उपपत्ती दिली आहे. सुश्रुताने विसर्पाच्या प्रकारांत ‘क्षतज’ म्हणजे जखमेतून उद्भवणारा प्रकार वेगळा सांगितला. हे निरीक्षण मार्मिक होते. चिकित्सेत लंघन, लेप, रक्तमोक्षण इत्यादी उपाय सांगितलेले आहेत. परंतु धावरे पुष्कळदा आपोआपही ओसरते. रोगी बरा झाला तो उपायाने की कालगतीने, हे एकेका रोग्याच्या अनुभवावरून ठरविता येत नाही. ही अडचण पौर्वात्य वैद्यास होती तशीच एकोणिसाव्या शतकातील युरोपीय डॉक्टरासही होती. १८८० नंतरच्या दशकात जर्मनीत फेलाइझेन याने या रोगाचे कारण असलेला स्ट्रेप्टोकोकस (मालागोलाणू) वेगळा काढला. कारण कळले, पण उपाय पारखण्याचे साधन त्यामुळे हाती आले नाही.

ते साधन म्हणजे तुलना. महाराष्ट्रात तिचे एक आरंभीचे उदाहरण प्लेगच्या साथीत घडले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली. एकाच आवारात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची गणना करता टोचलेल्यांत रोग बराच कमी आढळला. तथापि पुढे येणारे आणि मागे राहणारे हे सर्व बाबतींत सारखेच असतात काय, ही शंका राहिलीच. शिवाय ती परीक्षा प्रतिबंधाची होती, उपचाराची नव्हे.

उपचाराच्या बाबतीत ही शंका टाळण्याचा प्रयत्न धावऱ्याच्याच संदर्भात झाला, हे लक्षणीय आहे. १९३५ मध्ये डोमाक याने प्रॉन्टोसिल हे सल्फा वर्गातील औषध प्रसिद्धीस आणले. १९३७ मध्ये ग्लासगो येथील स्नॉडग्रास व अँडरसन या डॉक्टरांनी धावऱ्याच्या ३१२ रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणास कोणता उपचार द्यावयाचा हे डॉक्टरच्या पसंतीवर न सोडता रुग्ण पाळीपाळीने निरनिराळ्या गटांत घालण्यात आले आणि तेव्हा रूढ असलेल्या अतिनील किरणांच्या उपचाराशी नव्या औषधाची तुलना झाली. नव्या औषधाने लालीचे पसरणे लवकर थांबते, असे दिसून आले. पाळीची ही पद्धत निर्दोष नव्हती, कारण पुढची पाळी कोणती हे आधीच कळू शकते. तरीही डॉक्टरच्या मतापेक्षा गणनेस वरचे स्थान देण्याचा दंडक येथे दृढ झाला.

पुढे पेनिसिलिन आले. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे चेहऱ्याच्या भयंकर संसर्गाने ग्रासलेल्या एका पोलिसास ते देण्यात आले. तो सुधारू लागला; त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचले गेले; परंतु साठा संपला आणि तो दगावला. औषध गुणकारी असूनही पुरेसे नसणे म्हणजे काय, याचा हा धडा होता. भारतात पुरवठ्याचा प्रश्न सोडविण्यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

पण पिंपरीत औषध तयार होणे आणि हदगावच्या शेतमजुरास ते वेळेवर मिळणे, यांत मोठे अंतर होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व त्याचे वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र दूर हैदराबादेत. मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादेस निघाले. नांदेडला ते १९८८ मध्ये आले. उपचारांची संशोधने रुग्णालयांत होत राहिली आणि त्यांचे निष्कर्ष रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांपुरतेच खरे ठरले. जो पोहोचलाच नाही, तो गणनेतही आला नाही.

ही उणीव भरून काढणारे काम पैनगंगेचे पाणी वर्धा व प्राणहितेतून ज्या जिल्ह्याच्या कडेने पुढे जाते, त्या गडचिरोलीत झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील कार्यकर्त्यांनी प्रथम बालकांच्या न्यूमोनियावर गावातच औषध देण्याचा प्रयोग केला व तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर नवजात अर्भकांच्या जंतुदोषाकडे लक्ष वळले. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघर जाऊन अर्भके तपासली आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमोक्साझोल दिले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार जंतुदोष झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने एकूण नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट झाली. निदान लक्षणांवरून झाले होते, ही मर्यादा खरी. परंतु येथे कसोटी केवळ औषधाची नव्हती. ते औषध कोणाच्या हातून, कोठे दिले जाते याची होती. तुलनेचे एकक रुग्ण न राहता गाव झाले. २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांकरवी नवजात बालकांची गृहभेटीने काळजी घेण्याची योजना देशात आखली गेली, तिच्यामागे हा अनुभव होता.

धावऱ्याचा प्रश्न मात्र अद्याप तसा मांडला गेलेला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व आयर्लंडमधील एका परीक्षेत, पायाचे सेल्युलायटिस वारंवार होणाऱ्या २७४ रुग्णांना वर्षभर पेनिसिलिनच्या गोळ्या किंवा दिसावयास तशाच निष्क्रिय गोळ्या दिल्या. वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे २२ व ३७ टक्के होते. गोळ्या थांबताच हा लाभ ओसरला. तेथील रुग्ण पायांत बूट घालणारा आहे. हत्तीरोगाच्या क्षेत्रात गणला गेलेल्या नांदेड जिल्ह्यात प्रश्नाचे रूप निराळे आहे, कारण हत्तीरोगाने सुजलेल्या पायास असे झटके पुनःपुन्हा येतात. ब्राझील व केरळ येथील अभ्यासांनी या झटक्यांत जंतूंचा वाटा दाखवून दिला आणि साबणपाण्याने पाय धुणे, बेचके कोरडे ठेवणे, भेगांची निगा राखणे यांचे महत्त्व पटविले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उपचारांचा इतिहास हा केवळ औषधांच्या शोधांचा इतिहास नव्हे. कोणाची तुलना कोणाशी झाली आणि कोणास गणनेत घेतले गेले, याचाही तो इतिहास आहे. सुश्रुताने ज्या क्षताकडे बोट दाखविले, ते हदगावच्या शिवारात आजही पडते. त्यावरील औषध सिद्ध आहे. ते वेळेवर कोणाच्या हातून पोहोचावे, याची परीक्षा त्या शिवारातच व्हावी लागेल.