युवराज दिवाकरसेन : वाकाटक ताम्रपटांतील एक अल्पायुषी वारस

प्रास्ताविक :
राजवंशाच्या इतिहासात सिंहासनावर बसलेल्यांची नावे अनुक्रमे येतात. त्या पायरीपर्यंत न पोहोचलेले वारस वंशावळीबाहेर राहतात. फ्रान्सचा पहिला जॉन 1316 मध्ये जन्मून अवघे पाच दिवस जगला, तरी राजा म्हणून गणला गेला. याउलट विदर्भाचा वाकाटक युवराज दिवाकरसेन याच्या नावे किमान तेरा वर्षे कारभार चालूनही तो राजांच्या यादीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच्याविषयीच्या पुराव्याचा विचार केला आहे.

ताम्रपटांची साक्ष :
दुसरा रुद्रसेन अकाली निवर्तल्यावर त्याची पट्टराणी, गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यसूत्रे हाती घेतली. नंदिवर्धनाहून दिलेला तिचा 13 व्या वर्षाचा ताम्रपट पुण्यात उपलब्ध झाला. त्यात व त्याच्या मुद्रेवर ती स्वतःचा निर्देश युवराजाची जननी असा करते. तेराव्या वर्षीही दिवाकरसेन 'महाराज' नसून 'युवराज'च आहे, ही बाब लक्षणीय होय.

पुढील दोन ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील आहेत. अचलपूरजवळील चम्मक येथे मिळालेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या 18 व्या वर्षाच्या ताम्रपटात दिवाकरसेनाचे नाव नाही. परंतु अशा वंशावळीत दात्याचे पूर्वजच सांगितले जात. म्हणून या मौनावरून अनुमान काढणे योग्य नव्हे. महानुभावांचे तीर्थक्षेत्र असलेल्या रिद्धपूरच्या ताम्रपटाची गोष्ट वेगळी आहे. प्रवरसेनाच्या 19 व्या वर्षी दिलेल्या या दानाची दाती स्वतः प्रभावतीगुप्ता आहे. येथे ती दामोदरसेन व प्रवरसेन या महाराजांची जननी म्हणवते. तिच्या दीर्घायुष्याचा व पुत्रपौत्रांचा गौरवही त्यात आहे. पण ज्याच्या नावे तिने राज्य राखले, तो पुत्र मात्र नाही.

दिवाकरसेन अल्पायुषी ठरला असावा, हे वा. वि. मिराशी यांचे मत या पुराव्याशी सुसंगत आहे. तथापि त्याच्या मृत्यूची प्रत्यक्ष नोंद कोठेही नाही. शिवाय रिद्धपूरच्या ताम्रपटात मातेने केवळ 'महाराज' झालेल्या पुत्रांचाच निर्देश केला असणे शक्य आहे. दामोदरसेन व प्रवरसेन या दोन व्यक्ती की एकच, याविषयीही विद्वानांत मतभेद आहेत.

निष्कर्ष :
दिवाकरसेन सिंहासनावर बसला नाही, एवढे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते. अकाली मृत्यू हे त्याचे संभाव्य कारण होय, सिद्ध कारण नव्हे. अध्यापनात रुद्रसेनानंतर थेट प्रवरसेनाचे नाव घेतले, तर एका मातेने सांभाळलेला किमान तेरा वर्षांचा कालखंडच वगळला जातो. ताम्रपट कोणाविषयी बोलतो याबरोबरच तो कोणाविषयी व का बोलत नाही, हेही विद्यार्थ्यांस दाखविणे अगत्याचे आहे.